फायफॉक्स: पहिल्या वर्षाच्या फिजिक्स प्रॅक्टिकलला कितपत कामाचं?

बी.एस्सी. असो वा इंजिनिअरिंग, पहिल्या वर्षाच्या फिजिक्सची खरी गोची प्रॅक्टिकलला होते. एका टेबलावर पाच-सहा जण असतात. एकाच्या हातात स्टॉपवॉच, दुसरा रीडिंग लिहितो आणि बाकीचे ते रीडिंग उतरवून घ्यायला थांबलेले. फायफॉक्स या अ‍ॅपने निदान मेकॅनिक्स आणि ध्वनीच्या प्रयोगांपुरती ही रांग मोडते, कारण मोजण्याचं साधन प्रत्येकाच्या खिशात असतंच. जर्मनीतल्या आखेनच्या आरडब्ल्यूटीएच विद्यापीठात हे अ‍ॅप तयार झालं आणि २०१६ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर फुकट आहे, जाहिराती नाहीत, सोर्स कोडही खुला आहे. फोनमधले सेन्सर काय मोजतायत ते आलेखासकट दाखवायचं, आणि त्या जोरावर लंबक, स्प्रिंग, उसळता चेंडू, लिफ्ट असे तयार प्रयोग द्यायचे, एवढंच त्याचं काम.

गुण द्यायचेच तर सेन्सरचे कच्चे आकडे दाखवणाऱ्या यादीला पाचपैकी पाच, तयार प्रयोगांना साडेतीन. दीड गुण कापण्याचं कारण असं की तयार प्रयोग उत्तर फार लवकर हातात ठेवतात. लंबक हलवला की दहा सेकंदांत दोलनकाळ स्क्रीनवर. तो कुठून आला, त्यात चूक किती, हे विचारण्याची गरजच पडत नाही. पहिल्या वर्षाला शिकायचं असतं ते नेमकं तेच.

इन्स्टॉल केल्यावर आधी फोन तपासा. अ‍ॅक्सिलरोमीटर (त्वरण मोजणारा) आणि माइक सगळ्याच फोनमध्ये असतात. जायरोस्कोप (फिरण्याचा वेग मोजणारा) आणि बॅरोमीटर (हवेचा दाब मोजणारा) मात्र स्वस्तातल्या अँड्रॉइड फोनमध्ये बरेचदा नसतात. जो सेन्सर नाही त्याचे प्रयोग यादीत फिके दिसतात, दाबलं की काय कमी आहे ते अ‍ॅप सांगतं. आयफोनवर प्रकाशाचा सेन्सर अ‍ॅपला वापरू दिला जात नाही, त्यामुळे तिथे प्रकाशाच्या तीव्रतेवरचे प्रयोग विसरा. चार जणांच्या गटात एका फोनला जायरोस्कोप असला तरी पुरतं. त्यासाठी नवा फोन घ्यायची काही गरज नाही.

सुरुवात ‘अ‍ॅक्सिलरेशन विथ जी’ या पर्यायापासून करावी, आणि तीही फोन टेबलावर नुसता ठेवून. फोन हलत नाही, तरी झेड अक्षावर सुमारे ९.८ दिसतं. वर्गात न्यूटनचे नियम पाठ म्हणणारी मुलं इथे अडतात. स्थिर वस्तूचं त्वरण शून्य, मग हे ९.८ कसलं? आता फोन गादीवर अर्ध्या मीटरवरून सोडा. पडतानाच्या ०.३२ सेकंदांत आलेख शून्याजवळ येऊन बसतो आणि गादीवर आपटताच मोठं शिखर उठतं. म्हणजे खरंच त्वरण असताना सेन्सर शून्य दाखवतो आणि नसताना ९.८. सेन्सरच्या आतला सूक्ष्म वजनाचा तुकडा आपल्या आधारावर किती रेटला जातो, एवढंच त्याला कळतं. टेबलाचा वर ढकलणारा रेटा त्याला जाणवतो, गुरुत्वाकर्षण एकट्याने कधीच जाणवत नाही. मुक्त पतन आणि वजनविरहित अवस्था यावर दोन लेक्चर ऐकूनही जे पटत नाही, ते या आलेखात अर्ध्या मिनिटात पटतं. या एका गोष्टीसाठीसुद्धा अ‍ॅप ठेवावं.

मग लगेच कॅलिब्रेशन. फोन पाठीवर सपाट ठेवून दहा सेकंदांचं सरासरी मूल्य घ्या, नंतर पालथा ठेवून घ्या. समजा एकदा +९.८६ आणि एकदा –९.७२ आलं. दोन्हींच्या बेरजेचा निम्मा, म्हणजे ०.०७, ही सेन्सरची शून्याची चूक. फरकाचा निम्मा, म्हणजे ९.७९, हे त्या ठिकाणचं गुरुत्वत्वरण, सेन्सरच्या मापपट्टीत जी काही चूक असेल ती धरून. मुंबईच्या अक्षांशावर खरं मूल्य सुमारे ९.७८६ आहे. पुस्तकातलं ९.८१ हे युरोपच्या अक्षांशांचं, ते इथे येणार नाही आणि आणायचा प्रयत्नही करू नये. टेबल समतल नसेल तर एक्स आणि वाय अक्षांवरही थोडं काही दिसेल. कॅमेऱ्याचा उंचवटा असलेला फोन पाठीवर तिरका बसतो, त्याला खाली वही द्या. कव्हर काढलेलं बरं.

‘अ‍ॅक्सिलरेशन विदाउट जी’ हा पर्याय दिसायला सोयीचा, पण नवख्याला फसवणारा. असा वेगळा सेन्सर फोनमध्ये नसतो. अ‍ॅक्सिलरोमीटर आणि जायरोस्कोप यांच्या आकड्यांवरून फोनची सॉफ्टवेअर गुरुत्वाची दिशा ठरवते आणि तो भाग वजा करते. फोन वेगाने फिरवला की हा अंदाज चुकतो. शिवाय हे त्वरण घेऊन दोनदा इंटिग्रेशन करून अंतर काढायचा मोह सगळ्यांनाच होतो. शून्याची चूक फक्त ०.०५ असली तरी दहा सेकंदांत अंतर अडीच मीटरने चुकतं आणि मिनिटभरात नव्वद मीटरने. चूक वेळेच्या वर्गाने वाढते, हे एकदा स्वतः करून बघण्यासारखं आहे. प्रोजेक्टचा विषय म्हणून मात्र घेऊ नका.

आता लंबक. अ‍ॅपचा तयार ‘पेंड्युलम’ प्रयोग जायरोस्कोपवर चालतो आणि ऑटोकोरिलेशनने, म्हणजे आलेख किती वेळाने पुन्हा स्वतःसारखाच दिसतो ते शोधून, दोलनकाळ काढतो. लांबी भरली की गुरुत्वत्वरण देणारा टॅबही आहे. तो टॅब उघडूच नये. एका लांबीवरून काढलेल्या उत्तरात लांबीची सगळी चूक जशीच्या तशी उतरते. एक मीटरला दोन सेंटीमीटर कमी मोजले तर उत्तर ९.५९. आणि फोनच्या लंबकात लांबी चुकतेच, कारण ती टांगलेल्या बिंदूपासून फोनच्या वस्तुमानमध्यापर्यंत मोजायची असते, आणि तो मध्य फोनच्या नेमक्या मध्यावर असेल असं नाही.

त्यापेक्षा ४०, ६०, ८० आणि १०० सेंटीमीटर अशा चार लांब्या घ्या. छोट्या दोलनांना दोलनकाळ अनुक्रमे १.२७, १.५६, १.८० आणि २.०१ सेकंदांच्या आसपास यायला हवेत. दोलनकाळाचा वर्ग उभ्या अक्षावर, लांबी आडव्या अक्षावर. चढ ४.०३ सेकंद वर्ग प्रति मीटरच्या जवळ येतो, आणि ३९.४८ ला (म्हणजे ४π² ला) त्याने भागलं की गुरुत्वत्वरण. वस्तुमानमध्य चुकीचा धरला असेल तर सगळे बिंदू सारखेच सरकतात. रेषा शून्यातून जात नाही, पण चढाला धक्का लागत नाही. रेषा आडव्या अक्षाला कुठे छेदते ते बघितलं की लांबीत किती चूक होती तेही कळतं. जर्नलमध्ये हा परिच्छेद लिहिलेला असला तर व्हायवाला दुसरं काही विचारायची गरज पडू नये.

बिघडतं कुठे? एकाच दोरीला टांगलेला फोन स्वतःभोवती गिरक्या घेतो आणि जायरोस्कोपच्या तिन्ही अक्षांवर कचरा उमटतो. दोन समांतर दोऱ्या लावा, म्हणजे झोका एकाच प्रतलात राहतो. नायलॉनची दोरी फोनच्या वजनाने ताणते, म्हणून लांबी फोन टांगल्यावर मोजायची, आधी नाही. वरचं टोक खिळ्याला नुसतं गुंडाळलं तर प्रत्येक झोक्याला दोरी खिळ्यावर थोडी लपेटली जाते आणि लांबी बदलत राहते. लॅबमधलं दोरी चिमटीत धरणारं चिरलेलं बूच इथेही तितकंच कामाचं. झोका वीस अंशांचा घेतला तर दोलनकाळ पाऊण टक्क्याने वाढतो, म्हणजे गुरुत्वत्वरण दीड टक्क्याने कमी येतं. पाच अंशांना हीच चूक ०.०५ टक्के. एक मीटरच्या लंबकाला पाच अंश म्हणजे बाजूला जेमतेम नऊ सेंटीमीटर. इतका लहान झोका मुलांना पुरेसा वाटत नाही, पण जायरोस्कोपला तो उत्तम कळतो. आणि स्टार्ट दाबायचं ते झोका सोडून दोन-तीन दोलनं झाल्यावर. हात लावतानाची धडपड रेकॉर्ड झाली तर ऑटोकोरिलेशन तीही मोजतं.

आखूड लंबकाला आणखी एक चूक चिकटते. फोन हा बिंदू नाही, सोळा सेंटीमीटरची पट्टी आहे. ती दोरीच्या दिशेने उभी टांगली तर अर्ध्या मीटरच्या लंबकात दोलनकाळाचा वर्ग सुमारे ०.८५ टक्के जास्त येतो, एक मीटरला फक्त ०.२ टक्के. आडवी, झोक्याच्या प्रतलाला काटकोनात टांगली तर हा त्रास जवळजवळ जातो. जायरोस्कोप नसेल तर अ‍ॅक्सिलरोमीटरने काम भागतं, पण दोरीतला ताण एका दोलनात दोनदा वाढतो. त्यामुळे दोरीच्या दिशेच्या अक्षावर शिखरं दुप्पट दिसतात आणि दोलनकाळ निम्मा लिहिला जातो.

या अ‍ॅपमधला सर्वात हुशारीचा भाग कुठला, तर ‘अकूस्टिक स्टॉपवॉच’. एका आवाजाने सुरू होतो, पुढच्या आवाजाने थांबतो. यावर आवाजाचा वेग काढण्याचा प्रयोग असा: दोन फोन पाच मीटर अंतरावर ठेवायचे, दोन्हींवर स्टॉपवॉच सज्ज. पहिल्या फोनच्या मागे उभं राहून एकाने लाकडाचे दोन ठोकळे एकमेकांवर आपटायचे, दोन सेकंदांनी दुसऱ्या फोनच्या मागे उभ्या असलेल्याने. पहिला फोन आधी सुरू होतो आणि उशिरा थांबतो, दुसऱ्याचं उलट. दोन्ही वेळांतला फरक म्हणजे आवाजाला दहा मीटर जायला लागलेला वेळ. दोन घड्याळं जुळवायची कटकटच नाही. तीस अंश तापमानाला आवाजाचा वेग सुमारे ३४९.५ मीटर प्रति सेकंद असतो, म्हणजे फरक २८.६ मिलिसेकंद यायला हवा.

इथे ‘मागे’ या शब्दावर सगळं अवलंबून आहे. ठोकळे दोन्ही फोनना जोडणाऱ्या रेषेवर, बाहेरच्या बाजूला वाजले पाहिजेत. फोनच्या बाजूला, रेषेपासून तीस सेंटीमीटरवर वाजवले तर दोन फोनपर्यंतच्या अंतरातला फरक पाच मीटरऐवजी ४.७१ होतो आणि वेग ३७१ येतो. उत्तर सहा टक्क्यांनी चुकलं की गट तापमानाला दोष देतो. पण तापमानाचा परिणाम दर अंशाला ०.६ मीटर प्रति सेकंद एवढाच असतो. पस्तीस अंशांच्या चुकीइतका फरक पुण्यात मे महिन्यातसुद्धा पडत नाही.

थ्रेशोल्ड, म्हणजे किती मोठ्या आवाजाला स्टॉपवॉचने दाद द्यायची ती पातळी, बसवण्याला पाच मिनिटं द्या. आधी ‘ऑडिओ स्कोप’मध्ये खोलीतला गोंगाट किती उंचीचा दिसतो ते बघायचं आणि थ्रेशोल्ड त्याच्या तीन-चार पट ठेवायचा. कमी ठेवला तर पंखाच स्टॉपवॉच सुरू करतो. फार जास्त ठेवला तर लांबचा आवाज पहिल्या धक्क्यावर पकडला जात नाही, त्यामागून येणाऱ्या जास्त उंच लाटेवर पकडला जातो, आणि वेळ एखाद्या मिलिसेकंदाने चुकते. एक मिलिसेकंद म्हणजे इथे साडेतीन टक्के. ‘मिनिमम डिले’ ०.२ सेकंद ठेवला की त्याच आवाजाचा घुमारा स्टॉपवॉच थांबवत नाही. जागा मोकळी हवी, कॉलेजचं मैदान सर्वात चांगलं. लॅबच्या भिंतीवरून येणारा प्रतिध्वनी तिसरा गडी होऊन मध्ये पडतो. टाळीपेक्षा लाकूड बरं, त्याच्या आवाजाची सुरुवात धारदार असते.

याच स्टॉपवॉचने मुक्त पतनही मोजता येतं. टेबलाच्या कडेबाहेर थोडी आलेली पट्टी, तिच्यावर नट, पट्टीला पेनाने आडवा फटका. फटक्याचा आवाज सुरुवात, खाली स्टीलच्या ताटलीवर पडल्याचा आवाज शेवट. एक मीटरला ०.४५२ सेकंद. फोन वर टेबलावर ठेवला तर शेवटचा आवाज जवळपास तीन मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि गुरुत्वत्वरण सव्वा टक्क्याने कमी येतं. खाली ठेवला तर तितकंच जास्त. फोन मधल्या उंचीवर, दोन्हींपासून सारख्या अंतरावर ठेवला की हिशेब फिटतो. हे मुलांनी स्वतः शोधून काढावं म्हणून आधी मुद्दाम वर आणि खाली ठेवून घ्यायला लावणं चांगलं.

उसळत्या चेंडूचा तयार प्रयोगही आवाजावरच चालतो. दोन टप्प्यांमधल्या वेळेवरून उसळीची उंची काढतो. वेळ ०.८ सेकंद असेल तर उंची ७८ सेंटीमीटर, तुम्हीच गणित करून बघा. फरशी आणि टणक रबरी चेंडू वापरा. टेबल टेनिसचा चेंडू खणखणीत वाजतो म्हणून तो घ्यावासा वाटतो, पण इतक्या हलक्या चेंडूवर हवेचा विरोध लक्षात येण्याइतका असतो. सुरुवातीची उंची अ‍ॅप अंदाजाने सांगतं, ऊर्जा दर टप्प्याला त्याच प्रमाणात घटते असं धरून. ती मोजलेली नाही.

अभिकेंद्री त्वरणाचा प्रयोग या अ‍ॅपचा खरा दागिना. फिरत्या ऑफिस खुर्चीवर फोन सपाट, टेपने घट्ट बांधायचा, खुर्ची फिरवून सोडून द्यायची. ती मंदावत जाते तसे वेगवेगळ्या कोनीय वेगांचे बिंदू आपोआप मिळतात. कोनीय वेगाच्या वर्गाविरुद्ध त्वरण काढलं की सरळ रेषा, आणि तिचा चढ म्हणजे त्रिज्या. पट्टीने मोजलेली त्रिज्या तीस सेंटीमीटर आणि चढ सत्तावीसचा, असं हमखास होतं, कारण सेन्सर फोनच्या मध्यावर नसतो. फोन उलटा फिरवून लावला की चढ तेहतीस येईल, आणि सेन्सर फोनमध्ये नेमका कुठे आहे ते न उघडता सापडेल. सायकलचं उभं चाक वापरू नका. त्यात गुरुत्वाचा भाग प्रत्येक फेरीत दिशा बदलतो आणि बिंदू पसरतात. अ‍ॅक्सिलरोमीटरलाही मर्यादा असते. कमाल ७८ पर्यंत मोजणारा सेन्सर वीस सेंटीमीटर त्रिज्येवर सेकंदाला तीन फेऱ्यांच्या पुढे गेला की आलेख वरच्या टोकाला सपाट होतो.

मॅग्नेटोमीटर, म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजणारा सेन्सर, बरा आहे, पण चिडका. लोखंडी टेबल, स्पीकर, चुंबकाचं कव्हर, सगळं त्याला लागतं. इथलं पृथ्वीचं क्षेत्र ४० ते ४५ मायक्रोटेस्ला असतं आणि सरळ तारेत दोन अँपिअर सोडले तर पाच सेंटीमीटरवर फक्त ८ मायक्रोटेस्ला मिळतात. म्हणून प्रवाह एकदा सुलटा, एकदा उलटा घेऊन फरकाचा निम्मा घ्यायचा, म्हणजे पृथ्वीचा भाग उडतो. अँड्रॉइड फोन मध्येच स्वतःचं कॅलिब्रेशन बदलतात आणि आलेखात पायरी येते. तसं झालं तर ते रीडिंग सरळ टाकून द्या. बॅरोमीटर असेल तर जिन्याने एक मजला चढून बघा. तीन मीटरला सुमारे ३४ पास्कल कमी होतात आणि ते स्वच्छ दिसतात.

वापरताना दोन सोयी फार कामाच्या. एक म्हणजे ‘टाइम्ड रन’, तीन सेकंदांनी सुरू, वीस सेकंदांनी बंद, म्हणजे फोनला हात लावावा लागत नाही. दुसरी ‘रिमोट अ‍ॅक्सेस’. लंबकावर झुलणाऱ्या फोनचा आलेख लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये दिसतो, इंटरनेट लागत नाही, दोन्ही एका वायफायवर हवेत. कॉलेजच्या वायफायवर हे पुष्कळदा चालत नाही, कारण तिथे एका उपकरणाला दुसरं दिसू नये अशी सेटिंग असते. फोनचाच हॉटस्पॉट सुरू करून लॅपटॉप त्यावर जोडा. प्रयोग चालू असताना स्क्रीन बंद करू नका की दुसऱ्या अ‍ॅपमध्ये जाऊ नका, आकडे गळतात.

तक्रारी? बहुतेक तयार प्रयोगांत उत्तराबरोबर अनिश्चितता दिली जात नाही. पाच दशांश स्थळांचा आकडा बघून मुलं तो तसाच जर्नलमध्ये उतरवतात. आलेखात सरळ रेषा बसवता येते, त्यापुढचं काम एक्सेल किंवा सीएसव्ही एक्स्पोर्ट करून स्प्रेडशीटमध्येच. नमुने घेण्याचा वेगही फोनागणिक वेगळा. आयफोनवर सेकंदाला शंभर, अँड्रॉइडवर बरेचदा त्याहून जास्त. दोन फोनचे आकडे शेजारी ठेवताना हे तपासावं लागतं.

गुरुत्वत्वरण अचूक मोजणाऱ्या, लॅबमधल्या केटरच्या लंबकाची जागा फोन घेत नाही. तिथे सुरीच्या धारेवरचं टेकण आणि दोन धारांमधलं नीट मोजलेलं अंतर यामुळे तिसऱ्या दशांशापर्यंत जाता येतं, इथे दुसऱ्या दशांशालाच दम लागतो. प्रिझम, मीटर ब्रिज, न्यूटनची वलयं यांना तर फोन नावालाही पुरा पडत नाही, ती प्रॅक्टिकल लॅबमध्येच. पण ज्यांच्या कॉलेजात आठ जणांमागे एक संच आहे, त्यांनी लंबक, आवाजाचा वेग आणि फिरती खुर्ची एवढे तीन प्रयोग घरी करून मग लॅबमध्ये जावं. आणि त्याहून पुढे जायचं तर अ‍ॅप ब्लूटूथवरून ईएसपी३२ सारख्या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डाशी बोलतं. त्यावर तापमानाचा किंवा वजनाचा स्वस्त सेन्सर जोडला की न्यूटनच्या शीतकरण नियमाचा प्रयोगही याच स्क्रीनवर येतो.